सहा दारं, एक कडी

१

शिवगंगाबाईंच्या गाठोड्यात दोन वस्तू सापडल्या, आणि त्यांना वेडं ठरवायला घरच्यांना तेवढ्या पुरल्या. एक म्हणजे दाराची आतली कडी, चार स्क्रूंसकट रुमालात बांधलेली. दुसरं, अक्षरा नावाच्या मुलीचं सीईटीचं प्रवेशपत्र, चार तुकडे झालेलं. परीक्षा पाच दिवसांवर होती.

हे मला रविकिरणने सकाळी नऊला माझ्या ओट्यावर उभं राहून सांगितलं. मे महिना, दोन हजार तीन साल. लातुरात तेव्हा ज्याच्या घराला वरचा मजला होता त्याने तिथे क्लासला आलेल्या मुली भाड्याने ठेवल्या होत्या, आणि ज्याला नव्हता तो बांधत होता. रविकिरणच्या वडिलांचं, गुरुपादप्पांचं गंजगोलाईत कापडाचं दुकान. घराच्या वरच्या मजल्यावर सहा खोल्या, बारा मुली, कोणी देगलूरची, कोणी कंधारची. शिवगंगाबाई म्हणजे गुरुपादप्पांच्या थोरल्या भावाची बायको. भूकंपात नवरा आणि मुलगी गेली, तेव्हापासून दिराकडे राहतात.

"मॅडम, दोन ओळी लिहून द्या. डॉक्टर म्हणाले, मानसशास्त्राच्या बाईंचं मत जोडा. पाच वाजता जीप सांगितली पुण्याला, वेड्यांच्या दवाखान्यात."

"बघितल्याशिवाय?"

"बघायचं काय त्यात? तुम्हीच शिकवलं की. चार कसोट्या. चारचौघांहून वेगळं वागणं, समाजाचे नियम मोडणं, रोजचं काम नीट न होणं, आणि स्वतःला किंवा दुसऱ्याला त्रास. काकूंना चारी लागू होतात."

सव्वीस वर्षं मी हे चार मुद्दे वर्गात लिहून देत आले. बी.ए.ला याच प्रश्नात या पोराला दहापैकी चार मिळाले होते. आज पैकीच्या पैकी दिले असते आणि कान धरून बाहेर काढलं असतं.

"वेगळं म्हणजे काय वागतात?"

"दहा वर्षं झाली, स्लॅबखाली झोपत नाहीत. अंगणात झोपतात. पावसात पत्रा डोक्यावर धरतात. उशाशी फुलपात्रांची चळत, जमीन हलली की वाजावी म्हणून."

त्र्याण्णवच्या ऑक्टोबरात सगळं लातूर रस्त्यावर झोपत होतं. माझ्याही उशाशी तांब्यावर वाटी, वाटीवर पेला होता. तेव्हा जो घरात झोपेल त्याला लोक वेडा म्हणत. आम्ही दिवाळीनंतर एकेक करून आत गेलो, त्या गेल्या नाहीत, एवढाच फरक.

"आणि मॅडम, हे काय नवीन नाही," असं म्हणत रविकिरणने खिशातून एक पिवळा पडलेला कागद काढला. "जुना दाखला पण आहे."

छापील तक्ता होता. नाव, शिवगंगा. वय, अडतीस. खाली निळ्या शाईत लिहिलं होतं: 'पत्र्याच्या शेडमध्ये जाण्यास नकार. अवास्तव भीती. मानसिक संतुलन बिघडलेले.'

अक्षर माझं होतं, आणि सहीसुद्धा.

२

भूकंपानंतर कॉलेजातून आम्ही बारा जण गेलो होतो, औसा तालुक्यातल्या गावांत, तक्ते घेऊन. माणशी दहा मिनिटं. एक बाई चिखलात बसून होती आणि आत येत नव्हती. जमीन अजून अधूनमधून हलत होती, हे मला पक्कं आठवतं, कारण माझं पेन दोनदा घरंगळलं. तरी मी 'अवास्तव' लिहिलं. त्या शब्दाची लाज मला आज ओट्यावर वाटली, दहा वर्षं उशिरा.

म्हणून मी रविकिरणच्या मागे स्कूटरवर बसले. दोन ओळी लिहायच्याच, तर या खेपेला बघून लिहायच्या.

गुरुपादप्पा बैठकीत बसले होते. कपाळावर विभूती, गळ्यात चांदीची डबी. माणूस वाईट नव्हता, दमलेला होता.

"मॅडम, वैनीला मी आईच्या जागी मानतो. पण बारा पोरींचे आईबाप मला फोन करून राहिलेत. कडी काढली, आता कागद फाडला. उद्या काय करतील, कोण सांगावं?"

"कडीच का काढली असेल?"

"आमची पुतणी, वैनीची पोरगी, आत कडी लावून अभ्यास करायची. दहावीला होती. विसर्जन बघून आली अन् कडी घालून झोपली. पहाटं घर पडलं. वैनी भाईरून दार ढकलत होती... कडी निघाली न्हाई."

कारण तर सरळ होतं. कडी काढणाऱ्या हाताला मी तिथेच दोष देणं सोडलं. पण माझ्या डोक्यात एक खडा मात्र रुतला.

"किती कड्या काढल्या?"

"एकच. वरच्या चार नंबरची. अक्षराच्या खोलीची."

"आणि खोल्या सहा?"

"सहा."

भूकंपाची भीती सहाही दारांबद्दल सारखीच वाटायला हवी. तिने एकाच दाराची निवड का करावी?

मी फाटलेलं प्रवेशपत्र मागितलं. रविकिरणने आणून दिलं. चारही तुकडे मागून एका कागदावर भाताच्या खळीने चिकटवले होते, इतके नेटके की फोटोतल्या मुलीचा डोळासुद्धा जुळला होता. एका कोपऱ्याला काजळी होती.

"हे चिकटवलं कुणी?"

"काकूंनीच. आधी फाडलं, मग चिकटवलं. येड्याचा काय भरवसा?"

हे बाकी सोयीचं आहे. एकदा कपाळी शिक्का बसला की फाडणं हे वेड, चिकटवणं हेही वेड, आणि गप्प बसणं तर महावेड. माझ्या तक्त्यात तरी याहून वेगळं काय होतं?

स्वयंपाकघरात महादेवी, गुरुपादप्पांची बायको, भाकरी थापत होती. तिने देवघराजवळ पाट दिला. बसवेश्वरांची तसबीर, समई, आणि ताटलीत बेलपत्रावर एक चांदीची डबी, पांढऱ्या दोऱ्यासकट. ताजं फूल वाहिलेलं. घरचं काहीतरी असेल म्हणून मी तिकडे फारसं पाहिलं नाही. ती माझी दुसरी चूक.

"अक्कांचं अंगणातलं झोपणं आमच्या अंगवळणी पडलं होतं वो," महादेवी म्हणाली. "पण आता नवंच खूळ निघालंय. चार रातीपास्नं अंगण सोडून वर जाऊन झोपायल्या."

"वर? स्लॅबखाली?"

"हाव की. चार नंबरच्या उंबऱ्यात, आडव्या. पोरी अडखळून पडायल्यात."

दहा वर्षं पावसात पत्रा डोक्यावर धरला, पण स्लॅबखाली गेली नाही ती बाई. चार रात्री ती आपल्या सगळ्यात मोठ्या भीतीच्या पोटात जाऊन झोपते आहे. का?

३

वर चार नंबरमध्ये दोन मुली राहत होत्या. मी आधी उर्वीला गच्चीच्या जिन्यात बोलावलं. नांदेडची, बोलकी, गोबरी पोर.

"मॅडम, मला माहितीय तुम्ही काय विचारणार. अक्षरा दर टेस्टला पहिली, मी दुसरी. म्हणून कालपासून सगळे माझ्याकडंच बघून राहिलेत. मी नाही फाडलं."

"घड्याळ छान आहे."

तिने मनगट ओढणीखाली घेतलं. पण मी पाहिलं होतं. पट्टा शेवटच्या भोकात कसाबसा अडकला होता, आणि जुनी वळी मात्र त्याच्या तीन भोकं आत पडली होती. वर्षानुवर्षं ते घड्याळ फार बारीक मनगटावर राहिलेलं होतं.

"तुझं नाही ना?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "चोरलं नाही मॅडम! अक्षरानंच दिलं. 'तुला परीक्षेत लागेल' म्हणाली. सांगितलं असतं तर म्हणाले असते, घड्याळ घेतलं तसं प्रवेशपत्र पण हिनंच घेतलं."

"कधी दिलं?"

"पाचेक दिवस झाले. नोट्स पण दिल्या अकरावीच्या पोरींना. म्हणाली, मला पाठ आहेत."

परीक्षा तोंडावर आली असताना पहिल्या नंबरची मुलगी आपलं घड्याळ देऊन टाकते.

मग अक्षरा आली. उदगीरची, शाळामास्तर शरणप्पांची मुलगी. दोन घट्ट वेण्या, इस्त्रीचा ड्रेस, आवाज मऊ. वर्गशिक्षकाला हवी असते अगदी तशी.

"काकूंवर माझी काही तक्रार नाही, मॅडम. प्रवेशपत्राची दुसरी प्रत मिळेल."

"झोप लागते का?"

"हो."

"जेवण?"

"हो, मॅडम."

"घरी बोलतेस?"

"दर रविवारी. बाबा खूश आहेत. मेडिकल नक्की म्हणतात."

माझ्या चार कसोट्या मी मनातल्या मनात तिला लावून पाहिल्या. वेगळी? नाही, सगळ्यांत चांगली. नियम मोडते? कधीच नाही. कामात अडथळा? पहिला नंबर. त्रास? सांगत तर नाही. चारही चौकटी रिकाम्या. पण बोलता बोलता तिचा हात दोनदा गळ्याखाली गेला, काहीतरी चाचपलं, आणि तिथे काही नाही असं ध्यानात आल्यासारखा खाली आला.

मी उठले. ती जिन्यापर्यंत सोडायला आली.

"काकूंना खरंच नेणार?"

"पाच वाजता."

तिने नखांकडे पाहिलं. मग त्याच मऊ आवाजात विचारलं, "मग दाराची कडी परत बसवतील ना, मॅडम?"

४

शिवगंगाबाई अंगणात बंबाशेजारी राख चाळत बसल्या होत्या. बारा मुलींच्या आंघोळीचं पाणी पहाटे त्याच तापवत. शेजारी खोक्यात मुलींनी टाकलेले रफ कागद होते, पेटवणासाठी. मी खोक्याकडे पाहिलं, मग त्यांच्या बोटांवरच्या काजळीकडे. प्रवेशपत्राच्या कोपऱ्यावर होती तीच.

"मी चंद्रप्रभा औंढेकर. कॉलेजात—"

"वळखते की. तुमी पयले बी लिवलंतं." त्यांनी राखेतला खिळा उचलून बाजूला ठेवला. "लिवा. मीच केलं समदं. मीच फाडलं."

"फाडलं असतं तर बंबात घातलं असतं. आग तुमच्या हातात, काडी तुमच्या हातात. फाडून ठेवून परत कोण चिकटवतं? ते या खोक्यातल्या पेटवणात फाटलेलंच होतं, बंबात घालताना तुम्हाला दिसलं. कोपऱ्याला धग लागल्यावर ओढून काढलंत."

त्यांनी चाळणी पुन्हा हलवली.

"कुणी टाकलं, तेही तुम्हाला ठाऊक आहे. चारचौघांसमोर तुम्ही ते अंगावर घेताय. कुणासाठी?"

"मला काय ठावं न्हाई." त्या उठल्या आणि पाठ करून उभ्या राहिल्या. "जीप कवा येणार, ते बोला."

घड्याळात साडेतीन झाले होते. मी परत स्वयंपाकघरात गेले. डोक्यात सगळं होतं आणि काहीच जुळत नव्हतं. घड्याळ, कडी, उंबरा. बंबातला कागद. महादेवी चहा गाळायला वाकली, तशी तिच्या गळ्यातली डबी पुढे लोंबली.

गुरुपादप्पांच्या गळ्यात एक. रविकिरणच्या शर्टातून दिसली होती एक. महादेवीची ही. शिवगंगाबाईंच्या पदराआड, राख चाळताना हलत होती तीही. डब्यांत लिंगायतांची इष्टलिंगं, घरच्या चार माणसांची चार, चार गळ्यांत होती.

"महादेवी, मग देवघरात आहे ते कुणाचं?"

"कुणाचं की. अक्कांनी आणून ठिवलंय. रोज दोनदा पूजा करायल्यात, एकदा सोताच्या लिंगाची अन् एकदा याची."

"विचारलं नाही?"

"येड्याला काय विचारायचं?"

"समजा, हे एखाद्या मुलीनं काढून ठेवलं असेल?"

तिच्या हातातली गाळणी थांबली. माझ्यासारख्या परजातीच्या बाईला शिकवायचं म्हणून ती सावकाश बोलली. "बारशाच्या आधी बांधत्यात वो, मॅडम. गळ्यातून काढून ठिवत न्हाईत. हरवलं तर माणूस अन्न शिवत न्हाई. मेल्यावर बी मातीत संगं जातं ते." आणि मग तिचा चेहरा एकदम बदलला. "कुणी काढलंय?"

५

मी अंगणात जाऊन शिवगंगाबाईंच्या शेजारी जमिनीवर बसले. तक्ता भरताना मी खुर्चीवर होते.

"अक्षरानं लिंग गळ्यातून काढलं. ते तुम्हाला सापडलं."

त्यांनी झटकन माझ्या तोंडावर हात ठेवला. राखेचा वास आला. "हळू बोला. पोरी हायत वर."

मग त्या बोलल्या, माझ्याकडे न बघता. "न्हाणीतल्या खुंटीला होतं. वाटलं, इसरली. लिंगायताची पोर, आता रडून घर डोक्यावर घेईल. दिवसभर वाट बघितली. दुसऱ्या दिवशी बी ती आली न्हाई हुडकायला. वेण्या घालून किलासला गेली, हासत. तवाच म्या वळखलं. ही निघाली. हिनं निरोप घेतलाय."

"म्हणून कडी?"

"दार बंद झालं की मला पुन्ना उघडाया येत न्हाई वो, बाई." त्यांनी राखेत बोट फिरवलं. "मग परवा पेटवणात तिचा कागद. मग तर समजलंच."

"घरात सांगायचं होतं."

"काय सांगू? पोरगी येडी झाली म्हून? शिक्का काय असतो, मला इचारा. मी पानी मागितलं तरी लोक एकमेकाकडं बघत्यात. माझ्यावर हायच की, अजून एक बसंल. तिचं समदं आयुष्य पडलंय."

बाहेर हॉर्न वाजला. जीप लवकर आली होती. गुरुपादप्पा आणि रविकिरण अंगणात आले, महादेवी दाराशी उभी राहिली, वरच्या कठड्यावर मुलींची रांग लागली.

"लिहिलं का, मॅडम?"

मी उभी राहिले. या बाईला वाचवायचं तर बारा मुलींदेखत एका पोरीचं नाव घ्यायचं. तिचं झाकायचं तर हिला जीपमध्ये बसवायचं. गुन्हेगार ओळखणं सोपं होतं, कारण गुन्हाच झाला नव्हता. आजारी कोण ते सांगणंच अवघड होतं. शिवगंगाबाईंनी माझा प्रश्न सोडवला. त्यांनी गाठोडं उचललं, चपला घातल्या आणि जीपकडे चालू लागल्या. जाता जाता दिराला म्हणाल्या, "गुरू, चार नंबरच्या उंबऱ्यात महादेवीला झोपव. अन् कडी लावू नका. एवढं ऐक माझं."

"काकू!"

जिन्यावर अक्षरा होती. अनवाणी. एक वेणी सुटलेली.

"फाडलं मी," ती म्हणाली. "काकूंनी नाही. मीच फाडलं." आणि ती पायरीवरच बसली. "चार महिने झाले मला झोप नाही. अक्षरं दिसतात, वाचता येत नाहीत. पाठ आहे म्हणून मार्क पडतात. बाबांना कसं सांगू? रोज सकाळी उठायचं कशाला, तेच कळत नाही. मी ठरवलं होतं... आणि रोज दार उघडलं की काकू आडव्या."

गुरुपादप्पांनी भिंतीला हात टेकला. रविकिरण माझ्याकडे बघत होता, पाचवी कसोटी कुठली ते विचारल्यासारखा. मी त्याच्यावर सकाळपासून साठलेला सगळा राग काढणार होते, पण त्याने स्वतःच मान खाली घातली, म्हणून सोडलं.

शिवगंगाबाई परत फिरल्या. देवघरात गेल्या, ताटली घेऊन आल्या, पोरीच्या शेजारी पायरीवर बसल्या.

"पाच दिवस मी केली पूजा," त्या म्हणाल्या. "आता माझे हात दुखायलेत. तुजं तू कर."

अक्षरा ढसाढसा रडायला लागली, आणि रडता रडता तिने मान पुढे केली. दोरा त्यांनी बांधला.

जीप रिकामी गेली नाही. तीच उदगीरला पाठवली, शरणप्पांना आणायला. पुढचं मी पाहिलं. लातुरातले चांगले डॉक्टर, घरी नीट समजावणं, औषधं, आणि कुणीतरी सतत सोबत. परीक्षा त्या वर्षी राहिली. परीक्षा काय, दरवर्षी येते.

जीप परत यायची वाट पाहत असताना गुरुपादप्पांनी मला पिवळा कागद परत दिला. मी 'अवास्तव'वर रेघ मारली, खाली आजची तारीख घातली आणि लिहिलं, 'मी तेव्हा दहा मिनिटं पाहिलं होतं. मत मागे घेते.' सही केली. दहा वर्षांच्या मानाने ते वाक्य फार आखूड वाटलं, पण दुसरं सुचेना.

शिवगंगाबाई बंबाजवळ परत राखेपाशी बसल्या होत्या. मला एक गोष्ट कळत नव्हती, ती विचारल्याशिवाय राहवलं नाही.

"चार रात्री स्लॅबखाली कशा झोपलात? भीती वाटली नाही?"

"झोपले कुठं?" त्या म्हणाल्या. "लई भ्या वाटायचं. स्लॅबखाली माझा डोळाच लागत न्हाई. म्हून तर तितं गेले. अंगणात झोप लागली असती."